येऊन राह्यले

कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाजवळ किस्से आपोआप साचतात. गोळा कोणी करत नाही. कापसाच्या हंगामात वखारीपुढून नुसतं चालत गेलं तरी घरी आल्यावर अंगरख्याला चार तंतू चिकटलेले सापडतात, तसंच हे. कितीही झटका, एखाददुसरा राहतोच.

घ्या, आलाच तो शब्द!

आता आम्ही चार पेन्शनर म्हातारे रोज दुपारी देवळाच्या ओसरीवर बसतो. कोणी वाघाची गोष्ट सांगतो, कोणी साहेबाच्या घोड्याची. माझ्या वाट्याला वाघ काही आला नाही, एक क्रियापद आलं. राहणे. हसू नका. या क्रियापदानं पहिल्याच दिवशी माझी नोकरी घालवायला काढली होती, आणि पुढे एका बाईचं शेत तर जवळजवळ घालवलंच होतं.

मी मूळचा वाईकडचा. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, त्यांचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रस्त्यांवर बैलांच्या बंड्याच बंड्या. त्याच सुमारास सरकारनं प्रत्येक शेत मोजून ते कोणाच्या नावचं हे लिहून काढायला घेतलं. या सर्वेच्या कामाला लिहिणारी माणसं हवी होती. मी चोवीस वर्षांचा, अक्षर चांगलं, शुद्धलेखनाचा गर्व भयंकर. बायकोला म्हटलं, दिवाळीला येतो, आणि निघालो.

*

अमरावतीला पोचलो तो थेट कचेरीत गेलो. दाराशी किसन चपराशी बसलेला. पन्नाशीचा गडी, मिशा मोठ्या, घाई कशाचीच नाही. साहेब आहेत का, म्हणून मी विचारलं.

"जेवून राह्यले," किसन म्हणाला.

मी मनात वाक्य फोडलं. जेवून, म्हणजे जेवण झालं. राहिले, म्हणजे आत आहेत. उत्तम. वहाणा काढल्या, पागोटं सारखं केलं आणि आत शिरलो. साहेबांच्या हातात कोंबडीची तंगडी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तंगडीकडे बघितलं. शेवटी मी वाकून नमस्कार केला. तो साहेबाला की तंगडीला, हे आजतागायत मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर किसनवर तडकलो. तो शांतपणे म्हणाला की म्या तं आधीच सांगतलं होतं. बरोबरच होतं त्याचं. आम्ही ज्याला 'जेवताहेत' म्हणतो त्याला वऱ्हाडात 'जेवून राह्यले' म्हणतात. आमच्याकडे माणूस काम करतो, इथला माणूस त्या कामात राहतो. ते कळायला मला एक तंगडी लागली.

*

दुसरा धडा त्याच दिवशी. राहायला जागा हवी होती. एका घरमालकाला विचारलं, मागची खोली कशी आहे. तो म्हणाला, "हाय नं खोली. भानुशास्त्री राहून राह्यले तिथं."

आमच्या भाषेत याचा अर्थ, शास्त्रीबुवा राहून झाले, आता गेले. मी वळकटी उचलली आणि खोलीत जाऊन पसरली. तासाभरानं शाळा सुटल्यावर भानुशास्त्री आले. बघतात तो त्यांच्या जागी एक अनोळखी इसम घोरतोय.

भला माणूस. मी ओशाळून सगळं सांगितलं, तर पोट धरून हसले. शाळेत व्याकरण शिकवायचे, एकटेच होते. म्हणाले, "एक राहतो आणि दुसरा राहून राह्यला. दोन क्रियापदं एका खोलीत मावतील."

दोन वर्षं मावली.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या साहेबांचा एक कडक नियम होता. जबानी देणाऱ्याच्या तोंडून जे येईल ते जसंच्या तसं उतरवायचं. कारकुनानं आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही आणि त्याचा शब्द गाळायचा नाही. मला हा नियम फार आवडायचा. तो पाळण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

दर्यापूरच्या अंगाला एका गावी मोजणीचा तंबू पडला होता. तिथं नारायण नावाच्या कुणब्याचं सहा एकरांचं काळं रान होतं. हा नारायण चार वर्षांपूर्वी कापसाची बंडी घेऊन पश्चिमेकडे गेला. तेव्हा रेल आमच्यापर्यंत यायची होती, ती जिथवर आली होती तिथवर कापूस बंड्यांनी न्यावा लागे. गेला तो परतलाच नाही. त्याचा धाकटा भाऊ संपत म्हणत होता, भाऊ शेत टाकून गेला, आता ते माझ्या नावावर लिहा. आणि नारायणची बायको पुंजाबाई म्हणत होती, शेताला हात लावाल तर बघा.

मी तिची जबानी घ्यायला बसलो. तिशीच्या आतली बाई, कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या. चार पावसाळे त्या रानाची पेरणी, निंदणी, वेचणी तिनंच काढलेली. नवऱ्याचं नाव विचारलं तर सांगेना, बायका घेतात का नाव. ते संपतनं सांगितलं. मग विचारलं, नवरा कुठे आहे?

"येऊन राह्यले," ती म्हणाली. म्हणजे येताहेत.

अर्थ मला चांगला ठाऊक होता. आता मी नवा नव्हतो. पण अर्थ लिहिणं हे माझं काम नव्हतं. मी जसंच्या तसं लिहिलं, 'माझा नवरा येऊन राहिला.' वरून स्वतःच्या सचोटीवर खूशही झालो.

साहेब मराठी शिकले होते पुण्यात. कागद त्यांच्यापुढे गेला तेव्हा त्यांनी तो पुण्याच्या डोळ्यांनी वाचला. नवरा आला आहे आणि तिथंच राहतो आहे! हुकूम सुटला की महिन्याभरात नारायणला माझ्यासमोर उभा करा, न केल्यास बाईची जबानी खोटी धरून शेत भावाच्या नावे लावलं जाईल.

हुकूम मी किसनला वाचून दाखवला. त्यानं मिशी चोळली.

"लिवणारे तुमी, पंत," तो म्हणाला. "अन् खोटी पडली बाई."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

*

साहेब किसनला घेऊन दौऱ्यावर गेले होते. चूक कबूल करायला मी तिवश्याच्या रस्त्याला त्यांच्या मुक्कामावर जाऊन पोचलो. बघतो तर बाहेर लख्ख ऊन, झाडाखाली घोडा खोगीर घालून तयार आणि साहेब तंबूत मेणकापडाचा कोट घालून, वैतागून बसलेले. सकाळी सर आली होती. ती थांबल्यावर साहेबांनी आतून विचारलं, पाऊस कसा आहे? किसन बाहेरून म्हणाला, "राह्यला, साहेब."

राहिला म्हणजे थांबला. पण साहेब समजले, मुक्कामाला राहिला. दर तासाला विचारायचे, अजून राहिलाच आहे का? किसन म्हणायचा, हो साहेब, राह्यलाच हाय. असं दुपारपर्यंत चाललं.

मी तंबूचा पडदा बाजूला केला. साहेबांनी ऊन बघितलं आणि किसनच्या अंगावर ओरडणार तोच मी मध्ये पडलो. अशी संधी पुन्हा मिळाली नसती. म्हटलं, साहेब, दोष याचा नाही, शब्दाचा आहे. आणि हाच शब्द त्या दर्यापूरकडच्या बाईच्या जबानीत आहे. तिचा नवरा आलेला नाही, ती म्हणत होती की तो येतो आहे.

साहेब माणूस सरळ होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, केव्हापासून येतो आहे?

"चार वर्षांपासून," मी म्हणालो, आणि म्हणताना माझा मलाच आवाज कसातरी वाटला.

मग साहेबांनी त्यांचा कायदा सांगितला. नवरा हजर असेल तर नाव त्याचं. मेला असेल तर बायकोचं. नुसताच बेपत्ता असेल तर घरातल्या भावाचं. येणाऱ्या माणसासाठी त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. म्हणजे चुकीच्या अर्थानं बाई खोटी पडत होती आणि बरोबर अर्थानं तिचं शेत जात होतं. हुकूम त्यांनी मागे घेतला नाही. मात्र या शब्दाचे जेवढे अर्थ असतील तेवढे एका कागदावर लिहून आण, म्हणाले.

*

तो कागद मी आणि भानुशास्त्री, दोघांनी मिळून केला. शाळेला सुटी होती, खोलीच्या ओट्यावर दौत घेऊन बसलो. वस्ती करणे. थांबणे, जसा पाऊस. उरणे, जशी भाकर. विसरणे, जसं सांगायचं राहिलं. नोकरी धरणे, म्हणजे कामाला राहणे. बाईला दिवस राहणे. मन आवरणे, आणि तेही बहुतेक नकारार्थी, राहवत नाही. नको म्हणणे, म्हणजे राहू दे. आणि हे वऱ्हाडचं, करून राहणे.

मी विचारलं, हे कुठून आलं? शास्त्री म्हणाले, कोणी म्हणतात हिंदुस्थानीतून, 'कर रहा है'वरून. सरहद्दीचा मुलूख आहे, वारा चारी बाजूंनी येतो. मी काही शपथ घेणार नाही.

"मूळ धातू बघायचा तर गंमतच आहे. संस्कृतात रह् म्हणजे सोडणे, टाकून जाणे. विरह, रहित, सगळी त्याच घरची."

मी चकितच झालो. राहण्याच्या मुळाशी टाकून जाणं कसं?

शास्त्री दौतीत बोरू बुडवत म्हणाले, एकानं टाकून गेल्याशिवाय दुसरा राहतो कुठे? मला एकदम तंबूपुढे बसलेली पुंजाबाई आठवली.

सगळ्यात खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहायला सांगितली. 'राहिले नाहीत, म्हणजे वारले.' मी लिहिली. बोरू खाली ठेवला. शास्त्र्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मेला असेल तर बायकोचं, असं साहेब म्हणाले होते. बाईनं एवढे दोन शब्द बोलायचे होते.

*

पण खरोखर काय झालं होतं? मला राहवेना. कामानिमित्त अकोल्याला गेलो. तिथवर तेव्हा रेल्वेचे रूळ येऊन पोचले होते, आणि कापूस उतरवणाऱ्या जुन्या बंडीवाल्यांचा तिथं अड्डाच होता. त्यांच्यात नारायणचा माग काढला. एक म्हातारा बंडीवाला म्हणाला, हो, दर्यापूरकडला नारायण, आमच्या सोबतच होता.

मी विचारलं, मग त्याचं झालं काय?

"तो तिकडंच राह्यला."

राह्यला म्हणजे? वाटेत पटकीनं पुष्कळ गाडीवान मेले असं मी ऐकलं होतं, तसा का? की कुठं कामाला राहिला? की दुसरा संसार मांडून राहिला? मी तिन्ही प्रश्न विचारले. म्हातारा माझ्याकडे बघत बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, राह्यला म्हन्जे राह्यला, पंत, अजून काय सांगू. आणि बैल जुंपून चालता झाला.

खिशात त्या शब्दाच्या अर्थांची अख्खी यादी होती. तिचा काडीचा उपयोग झाला नाही. हे मी पुंजाबाईला कधीही सांगितलं नाही.

*

सुनावणीच्या आदल्या दुपारी ती अमरावतीला आली. किसननं तिला कचेरीमागच्या लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं आणि मला बोलावलं. मी तिला समजावून सांगितलं. उद्या साहेब विचारतील, नवरा कुठे? तेव्हा इतकंच म्हणायचं, ते राह्यले नाही. शेत जन्मभर तुमचं. दुसरं काही म्हणालात तर दिराचं. किसननंही मान डोलावली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवला. मग मला विचारलं, तुमची मालकीण कुठं राह्यते?

म्हटलं, वाईला.

"काहून?"

मी म्हणालो, जाणार आहे मी तिला आणायला. दिवाळीला येतो म्हणून सांगितलंय.

"किती साल झाले?"

"दोन."

"मंग तिले सांगू का म्या, का तुमचे पंत राह्यले नाही म्हनून?"

किसन दुसरीकडे बघायला लागला. त्याच दुपारी बायकोला पत्र घातलं की मिळेल त्या सोबतीनं निघून ये. ती आली, आणि त्या दोन वर्षांचं अजूनही ऐकवते. ऐकवू दे, मला ते चालतं. पण पुंजाबाई उद्या काय बोलणार, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर माझी यादी उलगडलेली होती. एका बाजूला संपत उभा, एका बाजूला पुंजाबाई. तेच कुंकू, त्याच बांगड्या. मी खाली कागद घेऊन बसलेला. दाराशी किसन.

साहेबांनी त्यांच्या मराठीत सावकाश विचारलं, "बाई, तुझा नवरा कुठे आहे?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे. मग खाली जमिनीकडे बघत, अगदी हळू म्हणाली,

"ते येऊन नाई राह्यले."

तंबूपुढे तिचं जे वाक्य मी ऐकलं होतं, तेच. फक्त मध्ये 'नाई' आलं होतं. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं आणि पुढ्यातला कागद दिसेनासा झाला.

साहेबांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. "राहिले नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग संपतला विचारलं, तुझं काही म्हणणं आहे?

संपत त्याच गावात जन्मलेला. बाईचा 'येऊन' हा शब्दही त्याच्या कानावर नीट पडला होता. त्यानं भावजयीच्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला.

साहेब मला म्हणाले, लिही. मी लिहिलं. नियमाप्रमाणे जबानी बाईला मोठ्यानं वाचून दाखवायची असते. मी कागद हातात धरून, तिचा एकही शब्द न गाळता वाचलं, "माझा नवरा येऊन राहिला नाही." तिनं मान हलवली. लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी बांगडीचं वर्तुळ काढतात, तसं तिनं काढलं. खाली साहेबांची सही झाली आणि सहा एकर रान पुंजाबाईच्या नावे लागलं.

तो कागद अजून दप्तरात असेल. वाळवीनं खाल्ला नसेल तर जाऊन बघा. अक्षर चांगलं आहे, खाडाखोड कुठे नाही. एक शब्द तेवढा लिहायचा राहिला आहे.